काकूंचा डबा आणि चार मेणबत्त्या

दिवाळी होऊन तीन आठवडे उलटले, तरी माळ्यावर टाकायचे सामान अजून बाहेरच पडले होते. ते आवरण्यासाठी परवा दुपारी स्टुलावर चढले असता मागच्या कोपऱ्यात स्टीलचा एक डबा हाताला लागला. उघडून पाहिला, तर आत गेल्या वर्षीच्या आगमनकाळातील, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळातील, मेणबत्त्यांचे चार तुकडे निघाले. मंडळीच्या वस्तू सांभाळण्याचे काम महिला मंडळाने माझ्या गळ्यात घातल्यापासून आमच्या माळ्याला चर्चच्या कोठीचे रूप आले आहे. पहिला तुकडा बोटाच्या पेराएवढा, दुसरा त्याहून थोडा मोठा, तिसरा निम्म्याहून अधिक शिल्लक, आणि चौथ्याची जेमतेम वातच काळी झालेली. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत गेल्याने पहिली मेणबत्ती चारही रविवार जळते आणि चौथीच्या वाट्याला एकच उपासना येते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या उतरंडीचे नवल वाटणार नाही. मला नवल वाटले ते डब्याचे. कारण त्याच्या बुडावर शेजारच्या काकूंचे नाव आणि त्यांच्या लग्नाची तारीख कोरलेली होती.

फराळाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा नियम कोल्हापुरात कोणाला शिकवावा लागत नाही. आमची अडचण एवढीच, की दिवाळीत आलेला डबा भरून देण्याजोगे आमच्याकडे काही तयार होते ते थेट नाताळात. त्यामुळे परक्या नावांचे डबे दीड-दोन महिने आमच्या फडताळात ताटकळत राहत. संडे स्कूलमध्ये बाईंनी एकदा ‘आगमनकाळ म्हणजे काय?’ असे विचारले, तेव्हा ‘लोकांचे डबे परत करायच्या आधीचे दिवस’ असे उत्तर मी पूर्ण विश्वासाने दिले होते. बाई हसल्या आणि पाळकसाहेबांना सांगून आल्या. त्यानंतर कित्येक नाताळांत सलाम करायला गेले, की साहेब ‘डबे पोहोचले का?’ असे विचारीत.

त्या काळाची सुरुवात कधी होते, हे भिंतीवरच्या आमच्या कॅलेंडरात सापडत नसे. चतुर्थी असे, अमावास्या असे, पंचवीस डिसेंबर तांबड्या अक्षरांत असे. पण आगमनाचा पहिला रविवार आजोबांनाच शोधावा लागे. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यानचा, हा हिशेब ते दर वर्षी मोठ्याने सांगत आणि त्या चौकोनाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढीत. सहा मंडळ्या एकत्र येऊन नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तो २९ नोव्हेंबर १९७० हा दिवससुद्धा आगमनाचा पहिलाच रविवार होता, हे ते असे सांगत, की तारीख जणू त्यांनीच काढून दिली असावी. मेणबत्त्यांविषयी मात्र त्यांना फारसा उत्साह नव्हता. १८५२ साली कोल्हापुरात आलेले अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्या प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट परंपरेत त्यांचे घराणे वाढलेले. उपासनेला वचन, प्रार्थना आणि गीत एवढे पुरे, असे त्यांचे मत होते. तरीही या चार मेणबत्त्या ज्यावर लावतात त्या हिरव्या चक्रासाठी सायकलची जुनी रिंग त्यांनीच आणून दिली. तिला आम्ही मुले सुरूच्या फांद्या बांधत असू, आणि बांधून झाल्यावर त्यांतली निम्मी पाने जमिनीवर असत.

आगमनकाळाचा रंग जांभळा, पण जांभळ्या मेणबत्त्या तेव्हाही लक्ष्मीपुरीत सहज मिळत नसत. पांढऱ्या मेणबत्त्यांना जांभळा क्रेप कागद गुंडाळण्याची युक्ती एका वर्षी निघाली आणि दुसऱ्याच रविवारी, बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचे वाचन चालू असताना, कागदाने पेट घेतला. आजोबांनी जागेवरून उठून तो तळहाताने विझवला आणि परत येऊन बसले; वाचन एका शब्दानेही थांबले नाही. तरीही रंगावरून महिला मंडळाच्या बैठकीत दर नोव्हेंबरात अर्धा तास जातो. हॅम्बुर्गमध्ये १८३९ साली योहान विखर्न यांनी, नाताळ कधी येणार म्हणून रोज विचारणाऱ्या अनाथ मुलांसाठी, गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. त्या चक्रावर रोजच्या लहान मेणबत्त्या तांबड्या होत्या आणि रविवारच्या चार मोठ्या मेणबत्त्या पांढऱ्याच होत्या, हे मी बैठकीत दोनदा सांगून पाहिले आहे. कोणी ऐकले नाही.

माझाही एक हट्ट आहे, तो इथे कबूल करते. आगमनाच्या पहिल्या रविवारापूर्वी आमच्या दारात नाताळचा तारा लागत नाही. आकाशकंदील उतरवून त्याच खिळ्याला लगोलग तारा अडकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तरुण संघाची कॅरलची, म्हणजे नाताळगीतांची, तालीम मात्र नोव्हेंबरातच सुरू होते आणि बुधवारी संध्याकाळी हॉलमध्ये पेटी-ढोलकीवर ख्रिस्तजन्म होऊन जातो, तर रविवारी आम्ही पुन्हा ख्रिस्ताच्या येण्याची वर्दी देणाऱ्या योहान बाप्तिस्मा करणाऱ्यासोबत अरण्यात वाट पाहत उभे असतो. या विसंगतीवर मी तक्रार करते आणि तालमीच्या चहाला न चुकता हजर राहते. राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंतची घरे कॅरल गाण्यासाठी कोणत्या रात्री घ्यायची, याची वही त्या चहावरच लिहिली जाते.

काकूंना वाट पाहण्याचा सराव माझ्याहून अधिक आहे. नोव्हेंबरातल्या किरणोत्सवाला त्या न चुकता अंबाबाईच्या देवळात जातात आणि मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन कुठवर पोहोचली, चरणांशी थांबली की मुखापर्यंत गेली, हे परत येताना आमच्या दारात उभे राहून सांगतात. या वर्षीही सांगून गेल्या. डब्याचा विषय त्यांनी काढला नाही. गेल्या नाताळात मी त्यांच्या करंज्या दुसऱ्याच कोणाच्या तरी डब्यातून पाठवल्या होत्या, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि त्यांना बहुधा होते.

म्हणून त्याच दुपारी तो डबा चिंचेने घासला. मेण निघता निघेना. तेव्हा गरम पाणी ओतले आणि बुडावरचे नाव पुन्हा नीट वाचता येईपर्यंत पुसत बसले. या वर्षीचा दिवाळीचा डबा धरून आता त्यांचे दोन डबे माझ्याकडे आहेत, म्हणजे करंज्यांचे पीठ दुप्पट भिजवावे लागणार. मेणबत्त्यांचे चार तुकडे सध्या ओट्यावर वर्तमानपत्राच्या कागदावर पडले आहेत. त्यांच्यासाठी घरात एखादा आमच्या स्वतःच्या नावाचा डबा सापडतो का, ते पाहते आहे.