तुम्ही विचारलंत म्हणून : कापसाच्या खोलीतला ॲम्प

दारव्ह्याच्या बाजारात विचारलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलंय, एकदा तर मयतीहून परत येताना एसटीत विचारलंय. विचारणारा पोरगा साधारण एकोणीस-वीसचा, यवतमाळला नाहीतर अमरावतीला शिकणारा, केस मानेपर्यंत आलेले. "दादा, हाय-गेनसाठी मार्शल बरा का मेसा? का सरळ ५१५० घेऊ? अन् खरंच फरक असते का जी, का हे यूट्यूबवाले फेकून रायले?" बोलणं इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पचं: मार्शल आणि मेसा या कंपन्या, ५१५० हे पीव्ही कंपनीचं मॉडेल, आणि हाय-गेन म्हणजे आवाज इतका वाढवायचा की तो मुद्दाम फाटतो.

मलाच विचारतात, कारण गावात येण्याआधी सात वर्षं मी पुण्यात होतो. कार्यक्रमांना ॲम्प आणि ड्रम भाड्याने देणाऱ्या एका माणसाकडे कामाला. पेट्या ट्रकमधून उतरवायच्या, जोडायच्या, गिटारवाला येईपर्यंत वाजवून बघायच्या, रात्री दोनला पुन्हा चढवायच्या. तुम्ही ज्यांची नावं घेता त्यातल्या बऱ्याच माझ्या पाठीवरून गेल्यात. (पाठीचंच मत हवं असेल तर ट्रान्सफॉर्मर छोटा तो ॲम्प चांगला.) आता नऊ एकर बघतो. घरात दोन ॲम्प उरलेत: एक ६५०५चं हेड (५१५०चंच पुढचं नाव; हेड म्हणजे स्पीकर नसलेला ॲम्प) आणि एक मार्शलच्या जेसीएम ८००च्या सर्किटवर हाताने बांधलेलं पन्नास वॅटचं हेड.

तर फरक असतो. पण तो सापडतो कुठे, त्याचा एक प्रसंग सांगतो.

गेल्या जानेवारीत दोन पोट्टे आले होते. दोन्ही ॲम्प एकाच कॅबिनेटला आळीपाळीने जोडले, दोन बारा इंची व्हिंटेज ३० स्पीकर असलेल्या. मार्शलवाल्या हेडपुढे हिरवा ट्यूब स्क्रीमर पेडल लावला, ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. नॉब फिरवून आवाजाचा पोत आणि जोर जुळवला. पोरांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि तीच रिफ वाजवत राहिलो. दहापैकी कितींदा ओळखलं? एकाने पाच, दुसऱ्याने सहा. नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं. मग गिटार त्यांच्यातल्या एकाच्या हातात दिली, पाठ भिंतीकडेच. त्याने तळहाताची कड ब्रिजवर टेकवून जाडी तार दाबून चार वेळा मारली, आणि पाचव्या वेळी हात थांबवून म्हणाला, "हा मार्शल आहे. इथं बोट लपून नाही रायलं."

ऐकताना जे सुटलं ते वाजवताना दोन सेकंदांत सापडलं. म्हणून दुकानात दुसऱ्याला वाजवायला लावून ॲम्प निवडू नका, आणि मोबाइलवर तर नकोच.

हे असं का होतं, ते संत्र्याच्या बागवाल्याला लगेच कळतं. ठिबकचा फिल्टर ड्रिपरच्या आधी असतो. गाळ एकदा नळ्यांत गेला की पुढे कितीही गाळण्या लावा, ड्रिपर तुंबायचा तो तुंबतोच. हाय-गेन ॲम्पमध्ये गाळ म्हणजे बास. जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर हलते, आणि तिच्यात ताकद भरपूर. ती जशीच्या तशी तीन-चार व्हॉल्व्हच्या (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या दिव्यांच्या) पायऱ्यांतून वाढवत नेली की व्हॉल्व्हच्या ग्रिडमध्ये करंट घुसतो, मधला कपॅसिटर भरून बसतो, आणि तो रिकामा होईपर्यंत व्हॉल्व्ह गुदमरलेला राहतो. कानाला भसभस येते, हाताला चिखलात पाय रुतल्यासारखं होतं. म्हणून बास कुठे तरी कापावाच लागतो. कुठे कापला, किती कापला आणि परत कुठे दिला, ही एवढी एक गोष्ट विचारली तर या सगळ्या नामवंत पेट्यांचा निम्मा स्वभाव कळतो.

जेसीएम ८०० ही १९८१ची मालिका. तिच्या २२०३ मॉडेलमध्ये एकच चॅनल, एक मास्टर व्हॉल्यूम, प्रीॲम्पला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, तीन व्हॉल्व्ह. टोनचे नॉब गेनच्या नंतर. आजच्या हिशोबाने गेन थोडाच, म्हणून तर लोक पुढे ट्यूब स्क्रीमर लावतात. तो पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा बास उतरवत नेतो, म्हणजे फिल्टर आपण बाहेरून बसवला. मधला सूर पुढे, वरती एक खरखर, ओठ दाबून ‘क्र्र’ म्हटल्यासारखी. हाताला कडक. नीट मारलं तर नीट, चुकलं तर सगळ्या गावाला कळेल असं. मला स्वतःला हाच आवडतो, पण रोज वाजवायला मी हा काढत नाही. दिवसभर फवारणी करून आल्यावर कुणी आपल्या चुका मोजत बसलेलं आवडत नाही.

मेसाबद्दल बोलताना पोरं दोन वेगळ्या गोष्टी एक करतात. मार्क मालिका वेगळी, रेक्टिफायर वेगळा. मार्क टू सी प्लस, जो मेटालिका या बँडने ऐंशीच्या दशकात वापरला, त्यात बास-मिड-ट्रेबलचे नॉब गेनच्या आधी असतात. म्हणून त्यावर बासचा नॉब जवळजवळ शून्यावर ठेवायचा, आणि गेलेला बास शेवटी पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर परत घ्यायचा: ८०, २४०, ७५०, २२००, ६६०० हर्ट्झ. मधली पट्टी खाली, दोन्ही कडा वर, इंग्रजी व्हीच्या आकारात. नवखा माणूस बास सातवर ठेवतो, आवाज फाटतो, आणि म्हणतो मेसा बकवास. आधी गाळलेलं असल्यामुळे हाताला हा ॲम्प तेल लावल्यासारखा. मारलेल्या तारेला जरा लवकरच जबाब देतो, आपण आहोत त्यापेक्षा बरे वाजवतो असं वाटायला लागतं.

ड्युअल रेक्टिफायर नव्वदीच्या सुरुवातीचा. त्यात टोनचे नॉब गेनच्या नंतर, आणि बास भरपूर आत सोडलेला. शिवाय मॉडर्न मोडमध्ये निगेटिव्ह फीडबॅक काढून टाकलेला असतो. पॉवर ॲम्पच्या, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या शेवटच्या टप्प्याच्या, बाहेर पडणाऱ्या आवाजातला थोडा भाग उलटा परत आत नेऊन स्पीकरवर पकड ठेवतात, ती पकडच सोडून दिली. बैलांचा कासरा सैल सोडल्यासारखं. कोन आपल्या मर्जीने झुलतो, खाली गडगड, वर चरचर. नावातला रेक्टिफायर म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग. तिथे डायोड लावायचा का व्हॉल्व्ह, हे मागच्या स्विचवर निवडता येतं. व्हॉल्व्ह निवडला की जोराचा फटका मारल्यावर आतला व्होल्टेज क्षणभर बसतो आणि मग सावरतो. हे ‘बसणं’ ऐकायला फारसं येत नाही. हाताला मात्र येतं: फटका मारला आणि आवाज अर्धं पाऊल मागून आला. संथ, जड वाजवणाऱ्याला यात सुख आहे. भरभर वाजवणाऱ्याला नाही, तो याच्यापुढेही ट्यूब स्क्रीमरच लावतो.

मग ५१५०. पीव्हीने १९९२ साली गिटारवादक एडी व्हॅन हेलनबरोबर काढला. २००४ साली दोघं वेगळे झाल्यावर तोच ॲम्प ६५०५ नावाने आला. पीव्हीची स्थापना १९६५ची, २००५ला चाळीस वर्षं, म्हणून ६५ आणि ०५. १२० वॅट, चार ६एल६ व्हॉल्व्ह. याच्या मागे १९८७चा सोल्डानोचा एसएलओ-१०० उभा आहे असं जाणकार म्हणतात, आणि वाजवून मलाही तसंच वाटतं. पण एसएलओ गुळगुळीत आहे, हा रवाळ. हातात ज्वारीचं पीठ घेतल्यासारखा कण लागतो. गेन तर इतका, की चारच्या पुढे नॉब फिरवून काही वाढत नाही, नुसती सळसळ वाढते. पोरं नऊवर ठेवतात. ठेवा बापा. रेझोनन्स म्हणून एक नॉब आहे, तो शेवटचा बास मोजून देतो. बास घट्ट, फटका मारला की दार आपटल्यासारखा जागेवर बसतो. माझ्याकडे हाच उरला तो प्रेमापोटी नाही, जुन्यात स्वस्त मिळाला म्हणून. पण दहा वर्षांत त्याच्याशी जमलंय.

जर्मन पेट्यांबद्दल विचाराल, डिझेल, एंगल, तर त्या मी उचलल्यात जास्त, वाजवल्यात कमी. सोडून देतो.

आता पुण्यात न कळलेल्या दोन गोष्टी, ज्या गावात आल्यावर कळल्या.

पहिली लाईन. रब्बीत गव्हा-हरभऱ्याला पाणी सुरू झालं की संध्याकाळी माझ्या घरचा मीटर १८०वर येतो. २३०च्या जागी १८० म्हणजे व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्टऐवजी जेमतेम ४.९. पहिल्या वर्षी मला वाटलं ॲम्प बिघडला: आवाज मऊ झाला, कडा गेल्या, तार हाताखाली लोण्यासारखी. मग आठवलं, हेच करायला एडी व्हॅन हेलन आपल्या जुन्या मार्शलला व्हेरिॲक लावून व्होल्टेज मुद्दाम उतरवत होता. अमेरिकेतल्या १२०च्या जागी नव्वदच्या आसपास. लोक ज्या आवाजामागे आयुष्यभर धावतात तो आमच्याकडे डिसेंबरात फुकट येतो, मोटारी बंद झाल्या की जातो. व्हॉल्व्हच्या तब्येतीला हे बरं नाही, म्हणून मी स्टॅबिलायझर घेतला. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी तो बाजूला काढून ठेवतो, हेही खरं.

लाईनचीच आणखी एक गंमत. ५० हर्ट्झची वीज ॲम्पच्या पॉवर सप्लायमधून १०० हर्ट्झची गुणगुण होऊन येते, आणि हाय-गेनमध्ये ती लपत नाही. शेजारी खंजिरी भजनाला पेटी वाजवणारे एक काका आहेत. तुकडोजी महाराजांची भजनं त्यांना पाठ. एकदा ओट्यावर बसून ऐकत होते, मी काहीच वाजवत नव्हतो, फक्त ॲम्प चालू. म्हणाले, "तुह्या डब्ब्यात पांढरी पाच लागली आहे, पण चढी." घरात जाऊन ट्यूनर लावला. पांढरी पाच म्हणजे जी; खालचा जी ९८ हर्ट्झचा, आमची गुणगुण १००. काकांचा कान बरोबर. उन्हाळ्यात त्यावर तारेला हात लावताच झिणझिण्या यायला लागल्या, तेव्हा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय हे लक्षात आलं. वायरमनने कोळसा-मीठ नवीन भरलं. आता चैत्रापासून रोज बादलीभर पाणी टाकतो. गुणगुण दाबणारा नॉइज गेट नंतर घ्या, आधी हे बघा.

दुसरी गोष्ट खोली. माझी वाजवायची खोली म्हणजे घराची मागची, जिथे दिवाळीनंतर कापूस भरतो. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, करून वेचणी सुरू झाली की आठवड्याला वीत वीत वर चढतो, आणि भाव येईपर्यंत छताला टेकलेला असतो. माझ्यासाठी उरते ती दारापासची एक खाटेएवढी जागा. माय पहिल्याच वर्षी बोलली होती, "तुह्या त्या दिव्याच्या पेटीनं वर्षाचा कापूस पेटवशील बरं." तिचं म्हणणं खोटं नाही, ६एल६ला हात लावून बघा. म्हणून हेड बाहेर ओसरीत ठेवतो, कॅबिनेट तेवढं आत, मधून जाड स्पीकर वायर.

त्या खोलीत जानेवारीत वाजवलेला ६५०५ आणि जूनमध्ये वाजवलेला ६५०५ यांच्यात जेवढा फरक आहे, तेवढा मला मार्शल आणि मेसात कधी जाणवला नाही. कापूस वरचा सगळा सूर पिऊन टाकतो. चरचर नाही, घुमणं नाही, फटका मारला की तिथेच संपला. त्या पोरांना दहापैकी पाच-सहाच ओळखता आलं, त्यात कापसाचाही हात असणार. मग एक दिवस टेम्पो येतो, दुपारपर्यंत खोली रिकामी, खाली सरकी आणि धूळ. त्याच नॉबवर संध्याकाळी वाजवलं तर चुन्याच्या भिंतींवरून आवाज कानात काचा टाकल्यासारखा. दर वर्षी पहिल्या रात्री मला वाटतं, व्हॉल्व्ह गेला.

तर घ्यायचं काय? पैसे एकदाच खर्च करणार असाल तर आधी चांगलं कॅबिनेट, कारण स्पीकर बदलला की बहिऱ्यालाही कळतं. भरभर, घट्ट वाजवायचं असेल तर ५१५०च्या जातीचा जुना कोणताही. हळू आणि जड असेल तर रेक्टिफायर. हात साफ असेल, किंवा करायचा असेल, तर जेसीएम. मार्क मालिका वाजवून बघायला मिळाली तर बासचा नॉब आधी खाली करा, मग मत द्या. गावात लाईट जाते म्हणून मॉडेलर (ॲम्पची डिजिटल नक्कल करणारा डबा) घेणार असाल तर तेही वाईट नाही, त्याला १८० व्होल्टचं काही वाटत नाही. तारेचं ते अर्धं पाऊल मागे राहणं त्यात मला अजून मनासारखं मिळालेलं नाही, पण तुमचा हात माझा नाही.

आणि माझे नॉब विचारू नका असं म्हणणार होतो, पण तेही विचारताच. गेन ४, बास ५, मिड ६, रेझोनन्स ५. प्रेझेन्स, म्हणजे वरची चरचर, कापूस असेपर्यंत ७, टेम्पो गेल्यावर ३.