इंजिन बदल, भाग दुसरा: पोटातला चुना

जुन्या मारुती ८००च्या इंजिनाचा निकाल एप्रिलमध्येच लागला. तुळजापूरला जाताना घाटात गाडी हीट झाली, टो करून घरी आणली, डिपस्टिक काढली तर पाणी मिसळून ऑइलचा दूध घातलेला चहा. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडल्यावर दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये खालच्या ब्लॉकलाच चीर दिसली. गॅस्केटवर भागलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही.

बदली इंजिन मिळालं ते मोडीत निघालेल्या १९९९च्या गाडीचं. कार्ब्युरेटरवालंच एफ८बी मॉडेल, तीन सिलिंडर, ७९६ सीसी, म्हणजे माउंटिंगपासून वायरिंगपर्यंत काहीच बदलायला नको. पावतीवर इंजिन नंबर लिहून घेतला, त्या गाडीची आरसी रद्द झाल्याच्या कागदाची झेरॉक्सही मागून घेतली. इंजिन बदललं की आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. आरटीओत हात हलवत गेलो तर हात हलवतच परत यायचं.

गिअरबॉक्ससकट आलं होतं, म्हणून स्टार्टर लावून अंगणात जमिनीवरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजला. तिन्ही सिलिंडर एकमेकांपासून अर्ध्या किलोच्या आत. मी हुरळलो. ऑइल सील, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट एवढं बदलून पुढच्या रविवारी गाडीत, असा हिशेब मांडून मोकळा.

शेजारचे मामा गिरणीत फिटर होते. ते आले, थर्मोस्टॅटचं (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं) झाकण उघडायला लावलं, आत बोट घातलं आणि पांढरी भुकटी माझ्या तळहातावर ठेवली. ‘‘का बे, इंजिन आणलास का खडूचा कारखाना? कॉम्प्रेशन कसलं बघलालास, पाणी कुठनं फिरतंय ते बघ.’’

आत थर्मोस्टॅट नव्हताच. हा व्हॉल्व्ह काढून टाकला की गाडी थंड राहते, हा आपल्याकडचा लाडका समज. थंड राहते खरी, पण डिसेंबरच्या सकाळी, जेव्हा ती लवकर गरम व्हायला हवी असते.

मग सगळं उघडलं. हेड काढलं, ब्लॉकचे वेल्च प्लग, म्हणजे पाण्याच्या जागेची पत्र्याची बुचं, ठोकून बाहेर काढले आणि जुनं इंजिन का तापलं हे मागचं कोडं तिथेच सुटलं. तीन नंबरच्या मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला, पाण्याच्या वाटेत करंगळीही जाईना. गंज आणि क्षार मिळून विटेसारखा थर. आधीच्या मालकाने रेडिएटरला आयुष्यभर बोअरचं पाणी पाजलं असणार. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, बोअर मात्र दारात. हात त्याच्याकडेच जातो. पण त्या पाण्यातला क्षार तापला की भिंतीला चिकटतो, आणि तो थर बिडापेक्षा कितीतरी पट कमी उष्णता सोडतो. रेडिएटर नवा टाका, फॅन डायरेक्ट करून सतत चालू ठेवा, तीन नंबरचं सिलिंडर आतल्या आत भाजतच राहणार. माझं जुनं इंजिन पुन्हा तपासलं. तेच, फक्त थर थोडा पातळ.

उपाय किराणा दुकानात मिळाला: लिंबूसत्त्व. आधी वाकवलेल्या तारेने आणि स्क्रू ड्रायव्हरने सुटेल तेवढं खरवडलं. मग क्रँक, पिस्टन सगळं उतरवून नुसता ब्लॉक मोठ्या टबात, कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून बुडवला. टाकल्या टाकल्या सोडावॉटरसारखा फेस. दर काही तासांनी पाणी बदललं. पहिलं पाणी अक्षरशः नाल्याच्या रंगाचं होतं. फेस थांबला तसा बाहेर काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला, हवा मारली आणि लगेच ऑइलचं फडकं फिरवलं. लगेच म्हणजे लगेच. मी चहाला गेलो तेवढ्यात एका सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाची केशरी छटा आली होती. हेड अल्युमिनियमचं, ते या टबात घालायचं नाही. ते हाताने, लाकडी काडीने साफ केलं.

हेड वाकलंय का बघायला त्यावर सपाट पट्टी ठेवून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, सरकवून पाहिली. मर्यादा ०.०५ मिलिमीटरची, पण मधोमध ०.०८ची पाती आरामात गेली. अक्कलकोट रोडला लेथवाल्या अण्णांकडे फेसिंग करून, म्हणजे सपाट करून आणलं. सिलिंडरच्या बोअरचं (आतल्या व्यासाचं) माप अण्णांनीच घेतलं: मूळ ६८.५ मिलिमीटर, आता ६८.५३. बोअरिंग करून भोक मोठं करायला नको, हलकं होनिंग (आतून बारीक घासणं) आणि स्टँडर्ड मापाच्या पिस्टन रिंगा. हेडमधले व्हॉल्व्ह मी स्वतः घासले. दोन संध्याकाळी गेल्या, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते पाण्याच्या पाइपच्या बोल्टचं. क्षाराने धरलेला बोल्ट, वर माझी घाई, गोटीच्या (सॉकेटच्या) पान्याला लांब पाइप लावला आणि कट्, बोल्ट तुटला. मामा काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. ते जास्त लागलं. उरलेल्या खुंटावर नट वेल्ड करून घेतला, गरम असतानाच पुढे-मागे, पुढे-मागे करत काढला.

नवा थर्मोस्टॅट लावण्याआधी चहाच्या जुन्या पातेल्यात दोऱ्याने टांगून तापवला. उकळी यायच्या बऱ्याच आधी उघडला. पातेलं आता माझंच झालंय, आईने परत घ्यायला नकार दिला.

वेल्च प्लग सील लावून, बरोबर मापाची गोटी टेकवून ठोकले. हेड बसवलं, बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळले. मग खालची तोंडं बंद करून पाण्याच्या जागेत काठोकाठ पाणी भरलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि झोपलो. सकाळी मधल्या प्लगखाली रुपयाएवढा ओला डाग. प्लग केसभर तिरका गेला होता. काढला, नवा ठोकला, पुन्हा पाणी, पुन्हा पेपर. आज सकाळी कोरडा.

पुढच्या रविवारी क्लच सेंटर करायचा आणि इंजिन उचलायला चेन ब्लॉक आणायचा. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटचे कॅन आधीच आणून ठेवलेत. बोअरच्या नळाची पाइप मामांनी स्वतः गुंडाळून माळ्यावर टाकली.