आवाज नसलेल्या गाडीचं निदान

आजचा दिवस ई-स्कूटर दुरुस्ती शिकायला आलेल्या, पन्नाशीच्या आसपासच्या दुचाकी मेकॅनिकांबरोबर गेला. आयुष्यभर इंजिनचा आवाज ऐकून दोष सांगणारी ही मंडळी. इथे कानाचा उपयोग फारसा नाही, मोजावं लागतं.

‘डिस्प्ले लागतो, पण गाडी हलत नाही’ ही नेहमीची तक्रार. बहुतेकांचा हात थेट कंट्रोलरकडे, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डब्याकडे जातो, आणि तोच महागडा भाग! आधी ब्रेक दिवा बघा. लिव्हर सोडूनही तो पेटलेला असेल, तर ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा कट-ऑफ स्विच अडकलाय. तिथे दोष नसेल तर थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, तपासा. गाडी मधल्या स्टँडवर, चाक अधांतरी, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. थ्रॉटलचा कनेक्टर सुटा न करता मागच्या बाजूने मीटरचं टोक (प्रोब) घालायचं. लाल-काळ्या तारांत साधारण ५ व्होल्ट हवेत. सिग्नलच्या तारेवर मूठ सोडलेली असताना १ च्या आसपास, पूर्ण पिळल्यावर साडेतीनच्या वर. मूठ सोडूनही २ दाखवत असेल, तर कंट्रोलर सुरक्षेसाठी मोटर मुद्दाम रोखतो. ५ व्होल्टच मिळत नसतील तर मोटरच्या हॉल सेन्सरचा (मोटरची फिरती स्थिती ओळखणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढून पुन्हा मोजा. शॉर्ट झालेला सेन्सर तो पुरवठा खाली ओढतो.

शिकताना खरी अडचण डोक्याची नसते, डोळ्यांची असते. पिना बारीक, म्हणून चाळिशीचा चष्मा आणि कपाळावरचा दिवा हवाच. आणि अंगठी, कडं, साखळी काढून ठेवायची. ६० व्होल्टची बॅटरी झटका देवो न देवो, टर्मिनलांवर धातू आडवा पडला की तो क्षणात लाल होतो.