सप्टेंबरात घोड्याचं नाव काढायचं नाही

रविवार, १४ डिसेंबर २०२५

बुधवारी क्लायंटचं शेवटचं आयकर रिटर्न गेलं. यंदा मुदत वाढत वाढत १० डिसेंबरपर्यंत आली. मुदतवाढ मिळाली की क्लायंट पेढे वाटायच्या बेतात असतात, कारण त्यांची कागदपत्रं अजून कपाटातच असतात. ऑफिसात मात्र सगळे कपाळाला हात लावतात, आणि माझा जरा जास्तच जोरात लागतो. घोडेस्वारीच्या स्पर्धा आपल्याकडे मुख्यतः थंडीत होतात. लांबलेला प्रत्येक आठवडा थेट गोट्याच्या सरावातून कापला जातो.

गोट्या म्हणजे माझा घोडा, रेसमधून निवृत्त झालेला. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक, इंग्रजी आणि राजेशाही आहे, रेसच्या घोड्यांची असतात तसं. पागेत कुणी त्या नावाने हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही.

शुक्रवारपर्यंत मला नव्या नोकरीसाठी दोनपैकी एका ठिकाणी होकार कळवायचाय. एक मोठी कन्सल्टिंग कंपनी, ऑफिस पुण्यातच खराडीला, पगार आत्ताच्या जवळजवळ दुप्पट. दुसरं नारायण पेठेतल्या एका कर-सल्लागार सरांचं ऑफिस. लाकडी जिना, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, पगार आत्ता आहे तेवढाच, आणि पुढेमागे भागीदारीची शक्यता. घरी विचारलं तर "खराडी" हे उत्तर चहा गाळून होण्याआधी मिळतं.

बाबा म्हणाले, "अगं, छंद लोक रविवारी जोपासतातच की. तूही जोपास."

रविवारचा घोडा ही कल्पना घोड्याला मान्य नाही, हे त्यांना कसं सांगायचं? शेवटी जुनी गोष्टच सांगितली. पूर्वी युरोपात गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना आठवडाभर काम आणि रविवारी सुट्टी असायची, चंदी, म्हणजे दाणा, मात्र रोजच्याइतकीच. मग सोमवारी जुंपलं की काही घोड्यांच्या मागच्या भागाचे स्नायू आखडायचे, दरदरून घाम फुटायचा, लघवी गडद तपकिरी व्हायची आणि पाऊल पुढे पडेना व्हायचं. तिकडे त्या दुखण्याला सोमवार सकाळचा आजार असंच म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी दाणा कमी करा, असं डॉक्टर आजही बजावतात. एका दिवसाच्या आरामाची ही कथा, मग सहा दिवस नुसतं उभं राहून सातव्या दिवशी उड्या मारायला लावलेल्या घोड्याचं काय होईल? आणि त्याच्या पाठीवरच्या माणसाचं?

बाबा शांतपणे म्हणाले, "म्हणजे सोमवार घोड्यालाही नकोच असतो तर."

यावर काय बोलणार.

माझा प्रश्न किती तास उरतात हा नाहीच, कुठले तास उरतात हा आहे. घोड्याचा दिवस पहाटे सुरू होतो. मामा, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे आमचे साईस, अंधारातच चंदी देतात, कारण दाणा खाल्ल्यावर लगेच काम देत नाहीत. मी पागेत, पुण्याबाहेर तळेगावला, पोचते तेव्हा फटफटत असतं. मग खरारा, ब्रश, आणि चारही खूर उकरून साफ करणं. मागचा डावा पाय उचलताना गोट्या रोज माझी परीक्षा बघतो. मी वाकले की बरोबर त्याच पायावर सगळा भार टाकतो आणि भिंतीकडे बघत उभा राहतो. मी खांद्याने हलकेच रेटलं की मोठा सुस्कारा सोडून, उपकार केल्यासारखा, पाय हातात देतो. नाल आणि खुराच्या मध्ये अडकलेला खडा निघाला नाही तर तो दिवस लंगडा जाऊ शकतो, म्हणून इथे घाई चालत नाही. खोगीर ठेवल्यावर तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर बांधायचा पट्टा, तोही एकदम आवळायचा नाही. गोट्या पोट फुगवून धरतो, दोन पावलं चालवलं की सोडतो, मग पुन्हा आवळायचा.

खरं काम त्यानंतरचं. रेसच्या घोड्याला शिकवण अशी, की लगाम ताणला गेला म्हणजे त्यावर रेलायचं आणि जोर लावायचा. मला ड्रेसाज (ठरलेल्या चाली घोड्याकडून नेमक्या करून घेण्याची स्पर्धा) करायचंय, तिथे नेमकं उलटं हवं. हात मऊ, मान सैल, ताकद मागच्या पायांतून. तो रेलला की मी ओढायचं नाही. बोटं आवळायची, सोडायची, पाय लावायचा, वर्तुळ घ्यायचं. मग एखाद्या वर्तुळात तो जबडा सैल सोडतो, पाठ वर येते, आणि खोगिराखाली जणू दुसराच घोडा असतो. दहा-बारा पावलं. पुन्हा रेलतो. ही दहाची वीस पावलं व्हायला रोजचा थोडा थोडा वेळ लागतो. आगाऊ कराच्या हप्त्यासारखं आधीच भरून मोकळं होता येत नाही.

पुढे अंग गार होईपर्यंत चालवायचं, धुवायचं, सामान पुसायचं. आटपेपर्यंत नऊ वाजतात. एप्रिल-मेमध्ये तर साडेआठनंतर कुणी घोडा बाहेर काढत नाही. संध्याकाळची वेळ साडेचार ते साडेसहा, आणि त्या वेळी ऑफिसातून बाहेर पडणारा माणूस एक तर सरकारी असतो किंवा राजीनामा दिलेला. म्हणजे उरली सकाळच. खराडीत नऊ वाजता हजर व्हायचं तर तळेगाव विसरायलाच हवं.

"मग घोड्यांतच करिअर कर ना!" हे सांगणारे भेटतातच. मी बघितलंय ना जवळून. आमचे प्रशिक्षक सकाळभर शाळकरी पोरांना घोड्याच्या दुडक्या चालीवर उठ-बस शिकवतात, त्यांच्या स्वतःच्या घोडीला वेळ मिळतो तो टळटळीत दुपारी. पशुवैद्यकीचा विचार बारावीला केला होता. मुंबईचं कॉलेज १८८६ पासूनचं, इकडे शिरवळलाही आहे, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. पण घोड्याचं पोट दुखायला लागतं ते नेमकं रपेटीच्या वेळेला. आमच्या डॉक्टरांना घोड्यावर बसलेलं मी कधीच पाहिलं नाही, घोड्याखाली वाकलेलं नेहमी पाहते. मामांचं आयुष्य तर पूर्ण घोड्यांत गेलं. त्यांची हक्काची रजा वर्षातून एकदाच, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेची. तिथेही घोडेच बघतात. ती रजा पुढे-मागे करा असं म्हणायची मालकांचीही टाप नाही.

आयटीवाल्यांची एक गंमत आहे. अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांची सकाळ मोकळी असते खरी, पण ते ती झोपेत काढतात.

हांगझोच्या एशियाडमध्ये २०२३ साली आपल्या ड्रेसाज संघाने सुवर्ण मिळवलं तेव्हा ऑफिसात मीच पेढे वाटले होते. घोडेस्वारीत ४१ वर्षांनी आलेलं सुवर्ण. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा, अनुष अगरवाला. आईनेही टीव्हीवर पाहिलं आणि विचारलं, "तुझं असं काही होईल का?" नाही होणार. ती मुलं घरदार सोडून वर्षानुवर्षं युरोपात राहिली, तिथल्याच घोड्यांवर तयार झाली. तो हिशेबच वेगळा, त्यात नोकरीचा रकाना नाही. मला हेवा वाटतो, पण माझ्या ताळेबंदात ते बसत नाही.

मी मनाशी धरलेला माणूस जपानचा आहे. हिरोशी होकेत्सु. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला घोडेस्वारीतल्या उड्यांच्या स्पर्धेत उतरले, मग औषध कंपन्यांच्या क्षेत्रात रीतसर नोकरी केली, मोठ्या पदापर्यंत चढले आणि घोड्यावर बसणं सोडलं नाही. १९८८ ला सोलसाठी पात्र ठरले, तर घोडाच क्वारंटाइनच्या नियमांत अडकला. निवृत्तीनंतर जर्मनीत जाऊन राहिले आणि २००८ ला बीजिंगमध्ये ड्रेसाजला उतरले, पहिल्या ऑलिंपिकनंतर ४४ वर्षांनी. २०१२ ला लंडनमध्ये पुन्हा, वय ७१. हे वाचल्यापासून मी "तिशीच्या आत नाही तर कधीच नाही" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देणं बंद केलंय.

आता नारायण पेठेकडे वळू. काल रात्री वहीत दोन रकाने केले, एकात करवर्ष, एकात घोड्याचं वर्ष. सोसायट्यांची ऑडिटं आणि साधी रिटर्नं ३१ जुलैपर्यंत. टॅक्स ऑडिट ३० सप्टेंबर, त्यांची रिटर्नं ३१ ऑक्टोबर. म्हणजे आमची खरी घुसळण जून ते ऑक्टोबर. आणि घोड्याकडे बघा. त्याच महिन्यांत पाऊस, मैदानात चिखल, खुरांना ओल लागून तळवे कुजायची भीती. कितीही वाटलं तरी तेव्हा गोट्याला हलकंच काम देता येतं. दिवाळी झाली की जमीन सुकते, सकाळी धुकं पडतं, घोडे तरतरीत होतात, स्पर्धा सुरू होतात. मुदतवाढीचा आगाऊपणा सोडला तर तोच काळ कर-सल्लागाराचा मोकळा. एवढा सरळ जुळणारा धंदा दुसरा कुठला असेल तर सांगा. कन्सल्टिंगमध्ये असं वर्षच नसतं. प्रोजेक्ट येईल तेव्हा हंगाम.

पैशाचं मात्र दुखतंच. रेसमधून निवृत्त झालेला घोडा घ्यायला स्वस्त आणि पोसायला महाग. पागेचं महिन्याचं बिल माझ्या मैत्रिणीच्या बाणेरच्या फ्लॅटच्या भाड्याशी स्पर्धा करतं, नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी येतो तो वेगळा. गोट्याची अर्धी लीज, म्हणजे खर्च आणि वापर वाटून घ्यायचा करार, एका कॉलेजच्या मुलीकडे दिली आहे म्हणून निभावतं. नव्या ठिकाणी पगार वाढला नाही तर ती लीज चालूच ठेवावी लागेल. म्हणजे आठवड्यातल्या काही सकाळी गोट्या तिचा.

गुरुवार, १८ डिसेंबर

सरांकडे गेले. वाटलं होतं घोड्याचा विषय आपण काढायचाच नाही, मग वाटलं नंतर कळून कटकट होण्यापेक्षा आत्ताच काढावा. सकाळी अकराच्या आधी येणार नाही, रात्री कितीही थांबेन, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत स्पर्धेसाठी चार-पाच दिवसांची रजा लागेल, असं एका दमात सांगून टाकलं.

सर बराच वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, "ऑफिस उघडतंच अकराला. पण एक लक्षात ठेव. सप्टेंबरात घोड्याचं नाव काढायचं नाही. घोडा आजारी पडला तरी."

मी म्हटलं, "आजारी पडला तर जावं लागेल सर. स्पर्धेसाठी नाही मागणार."

"मग फाइल घेऊन जा."

चालेल म्हटलं. पोटशूळ उठलेल्या घोड्याला तासन् तास फिरवताना फाइल कुठे धरणार हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, घोडा विकत घेतला तेव्हा जीएसटी किती पडला? मी सांगितलं की २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून जिवंत घोड्यावर १२ टक्के होता, यंदाच्या सप्टेंबरात ५ वर आला. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांवर शून्य. सरांना हे ठाऊक नव्हतं याचा त्यांना झालेला त्रास बघण्यासारखा होता. त्यांनी लगेच पुस्तक काढलं, शेड्यूल तपासलं, मग हसून म्हणाले, "एक तारखेपासून ये."

खराडीला नकाराचा मेल रात्रीच टाकला. आईने पगाराचा आकडा पुन्हा एकदा, फक्त एकदाच, उच्चारला. बाबांनी विचारलं, स्पर्धा बघायला बाहेरच्यांना येऊ देतात का. देतात म्हटलं. जानेवारीच्या स्पर्धेचा फॉर्म उद्या भरायचा आहे, आणि घोडा न्यायच्या गाडीचं भाडं वाटून घ्यायला आणखी एक घोडा शोधायचा आहे.