दुसरी पॅरामोटर विंग निवडताना

पॅरामोटर म्हणजे पाठीवर मोटर आणि प्रोपेलर, डोक्यावर पॅराग्लायडरसारखी कापडी विंग. शिकताना वापरलेल्या विंगबद्दल माझी तक्रार एकच होती, वेग. ट्रिम स्पीड, म्हणजे काही न ओढता-दाबता विंग जो वेग धरते तो, ताशी ३८ किमी. वर गेल्यावर समोरून २५ किमीचा वारा लागला की जमिनीवरून सरकायचो ताशी १३ किमीने, आणि इंधन संपायच्या आत परत पोहोचतोय का याचा हिशेब डोक्यात सुरू. बाकी विंग गुणी होती. टेकऑफआधी डोक्यावर घेताना त्रास नाही, चुकीला माफी देणारी, उतरताना तर फारच समजूतदार. तरी दुसरी घ्यायची वेळ आली होती.

माहितीपत्रकं वाचून काही कळत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. प्रत्येक विंग ‘चपळ आणि तरीही स्थिर’. मग मी ज्यांच्याकडे शिकलो त्या सरांना सांगितलं की ओळखीच्या पायलटांकडून दोन-तीन विंग मागून आणतो आणि उडवून ठरवतो. ते म्हणाले, “उडव की. पण आधी स्वतःला वजनकाट्यावर उभं कर. नाहीतर तू विंग तपासायच्या ऐवजी साईज तपासत बसशील.”

मोटर पाठीवर बांधून, हेल्मेट, बूट, रिझर्व्ह पॅराशूट सगळं घालून, विंगची पिशवी हातात धरून मी काट्यावर उभा राहिलो. टाकीत १० लिटर, म्हणजे साधारण साडेसात किलो. सगळं मिळून १२१ किलो. २६ चौरस मीटरच्या माझ्या विंगवर दर चौरस मीटरला ४.६५ किलो भार पडत होता. हेच वजन २२ च्या विंगखाली टांगलं तर ५.५ किलो, आणि १८ च्या स्लॅलम विंगखाली (खांबांभोवती वळणं घेत शर्यत लावायची विंग) ६.७ किलो. विंगचा वेग या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे विंगची ठेवण, प्रोफाइल (छेदाचा आकार), काहीही न बदलता नुसती २६ वरून २२ वर आलात तर वेग ९ टक्क्यांनी वाढणार, ३८ चे साडेएकेचाळीस होणार. वळणं चटपटीत होणार, ब्रेक (विंगची मागची कडा खाली ओढणाऱ्या दोऱ्या) कडक लागणार. आणि आपण म्हणणार, काय भारी विंग आहे!

म्हणून मी एक अट घातली. मोटर तीच, हार्नेस (बसायचा पट्ट्यांचा साज) तोच, टांगण्याचे पॉइंट त्याच उंचीवर, टाकी अर्धी. आणि रिफ्लेक्स विंग, म्हणजे वेगात स्थिर राहावी म्हणून मागची कडा वर वळवलेली, एकाच मॉडेलच्या दोन साईजमध्ये मिळवायची. हे शेवटचं जमवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. पण ओझोन रोडस्टरच्या जातीची, म्हणजे मधल्या पातळीच्या पायलटसाठी असलेली एक रिफ्लेक्स विंग २६ आणि २२ अशा दोन्ही मापांत मिळाली. शिवाय एकाने त्याची १८ ची स्लॅलम विंग ‘फक्त सकाळी’ या बोलीवर दिली.

वेग मोजायची पद्धत साधी ठेवली. हवा शांत असताना पहाटे एकाच उंचीवर जायचं, ब्रेक पूर्ण सोडायचे, आधी वाऱ्याच्या तोंडावर आणि मग वाऱ्याच्या पाठीवर सरळ रेषेत उडायचं, दोन्ही जीपीएस वेगांची सरासरी काढायची. उंची एकच ठेवायला कारण आहे. हजार मीटर वर गेलं की हवा विरळ होऊन खरा वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो, आणि दोन विंगांमधला फरकही कधीकधी तेवढाच असतो.

२६ च्या रिफ्लेक्स विंगचा वेग ट्रिमर (मागचे पट्टे लांब-आखूड करून वेग बदलायची सोय) आत घेतलेले, म्हणजे बंद, असताना आला ३९ किमी. माझ्या जुन्या विंगपेक्षा एकच किमी जास्त! त्याच मॉडेलची २२ ची विंग ४२ वर गेली. म्हणजे ट्रिमर बंद असताना जो फरक जाणवत होता तो जवळजवळ सगळा साईजचा होता. ट्रिमर पूर्ण सोडल्यावर मात्र २६ ची विंग ४९ वर आणि २२ ची ५३ वर पोहोचली. खरं रिफ्लेक्स तिथे दिसलं.

हे प्रोफाइल पॅराग्लायडरमध्ये आणण्याचं श्रेय बहुधा माइक कॅम्पबेल-जोन्स यांना दिलं जातं. त्यात विंगची मागची कडा किंचित वर वळते. ट्रिमर सोडले की मागचे रायझर (दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे) लांब होतात, मागचा भाग अजून वर जातो आणि उचलण्याच्या बलाचा केंद्रबिंदू पुढे सरकतो. सगळा भार पुढच्या ए आणि बी दोऱ्यांवर येतो. हे वाचलं होतं, पण पटलं ते हवेत. ट्रिमर उघडे असताना मी हात वर करून मागच्या दोऱ्या बोटांनी दाबून पाहिल्या. पुढची दोरी तारेसारखी ताठ, मागची ढिली आणि हलकेच थरथरणारी. भार पुढे असल्यामुळे पुढची कडा सहजासहजी दुमडत नाही. साध्या विंगला पायाने स्पीड बार दाबून वेग दिला की ती कोलॅप्सच्या, म्हणजे दुमडण्याच्या, जवळ जाते. रिफ्लेक्सचं उलट, वेगात ती अधिक घट्ट होते. मात्र त्या वेगात कधी दुमडलीच तर प्रकरण धीम्या विंगपेक्षा बरंच जोरात होतं, हेही तितकंच खरं.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते ब्रेकबद्दल. जुन्या विंगवर ब्रेक म्हणजे सगळं काही. डावा ओढला, क्षणभर थांबली, मग शांतपणे कलून वळली. हवा हलायला लागली की दोन्ही हातात थोडा ताण ठेवायचा, विंग पुढे धावली की अडवायची, मागे रेंगाळली की सोडायची. ही सवय हातात इतकी मुरते की विचार करावा लागत नाही. ट्रिमर उघडलेल्या रिफ्लेक्सवर हीच सवय घातक. ब्रेक ओढला की वर वळलेली मागची कडा खाली येते, रिफ्लेक्स निघून जातं, केंद्रबिंदू मागे सरकतो, आणि विंग तर अजून कमी कोनात वेगाने उडत असते. कोलॅप्सला आमंत्रणच. पहिल्या दिवशी सर रेडिओवर एकच वाक्य घोकत होते, “ब्रेक सोड, टिप धर.” टिप म्हणजे रायझरवरची छोटी वेगळी मूठ. ती फक्त विंगच्या टोकाची कडा ओढते, मधल्या भागाला हात लावत नाही. वळण सपाट येतं, कमी कलतं, थोडं रुक्ष वाटतं. पण ताशी ५० च्या वेगाने सरळ जाताना एवढंच लागतं.

ट्रिमर बंद केले की हीच विंग पुन्हा ब्रेकवर चालते. इथे २६ आणि २२ मधला फरक मस्त दिसला. दोन्हींत ब्रेकचा सुरुवातीचा भाग मोकळा, पुढे दाब वाढत जातो. पण २६ ला ब्रेक दिल्यावर ती ‘बघू’ म्हणते, २२ लगेच कलते. २२ वर वजन एका बाजूला टाकलं तरी वळण सुरू व्हायचं. आठचा आकडा काढताना ती इतकी गोड वाटली की मी तेव्हाच ठरवून टाकणार होतो.

मग दुपार झाली. उन्हाने हवा उसळायला लागली आणि दोन्ही विंग पुन्हा वर नेल्या. २६ ची डोक्यावर स्थिर, धक्के हार्नेसमधून येतात पण ती दिशा सोडत नाही. माझी जुनी विंग अशा हवेत बरंच काही सांगते, टोकं फडफडतात, ब्रेकमध्ये दाब कमी-जास्त होतो. रिफ्लेक्स त्या मानाने अबोल, हवेत काय चाललंय ते उशिरा कळतं. २२ ची तर प्रत्येक उसळीबरोबर उजवी-डावी झुलत राहिली. धोका असा काही नव्हता, पण तासाभरात माझे खांदे भरून आले. सकाळच्या शांत हवेत विंगची परीक्षा घेऊन पैसे मोजणाऱ्यांची मला आता काळजी वाटते.

स्लॅलम विंगबद्दल थोडक्यात. ती वर घेताना डोक्यावरून पुढे झेपावते, वेळेत अडवली नाही तर समोर जाऊन पडते. टेकऑफला इतकं धावावं लागतं की पाय हवेत आहेत की जमिनीवर हे कळत नाही. हवेत बोटभर ब्रेकवर गरकन फिरते आणि वळणात उंची भराभरा खाते. जमिनीजवळ हे सगळं करण्याइतका मी पायलट नाही. ओझोन व्हायपर किंवा ड्यूडेक स्नेक उडवणाऱ्यांना मी दुरून दाद देतो.

टॉर्कचा मुद्दा फार कमी लोक तपासतात. प्रोपेलर ज्या दिशेला फिरतो त्याच्या उलट दिशेला पायलट पिळला जातो. माझ्या मोटरवर ओढ डावीकडे असते. पूर्ण थ्रॉटलवर डावा ३६० (पूर्ण गोल) आपोआप आवळत जातो, उजवा मात्र जोर लावून घ्यावा लागतो. प्रत्येक विंगवर मी दोन्ही बाजूंचे ३६० काढले, एकदा थ्रॉटल देऊन, एकदा इंजिन आयडलवर ठेवून. आयडलवर दोन्ही बाजू सारख्या आल्या तर विंग सरळ आहे, वाकडेपणा मोटरचा. पूर्ण पॉवरवर टॉर्कच्याच बाजूचा ब्रेक खोल ओढणं हा अपघाताचा जुना मार्ग आहे. टेकऑफनंतर लगेच तर नाहीच नाही.

उतरताना जुन्या विंगने केलेले लाड बाकीच्या करत नाहीत. २२ वर इंजिन बंद करून आलो की जमीन वेगाने येते, ब्रेकला आधी निम्मं ओढून विंगला सपाट होऊ द्यायचं आणि मग उरलेलं. ती वेग वाया घालवत नाही, त्याची उंची करून देते, त्यामुळे एकदम ओढलं तर पुन्हा वर जाऊन लटकायला होतं. ट्रिमर बंद करूनच उतरायचं हे मी स्वतःपुरतं पक्कं केलं.

इंधनाचा हिशेब शेवटी मांडला आणि तोच निर्णायक ठरला. २२ च्या विंगवर उंची कायम ठेवून उडताना ट्रिमर बंद असताना ताशी साडेतीन लिटर लागत होते, उघडे असताना पाच. वारा नसेल तर बंद ट्रिमरवर लिटरला १२ किमी, उघड्यावर साडेदहा. म्हणजे घाई तोट्याची. पण समोरून २५ चा वारा धरा. बंद ट्रिमरवर जमिनीवरचा वेग १७, लिटरला पाच किमीलाही थोडं कमी. उघड्यावर २८, लिटरला साडेपाच किमीहून जास्त. माझी जुनी विंग याच वाऱ्यात लिटरला चार किमी देत होती. माझी मूळ तक्रार नेमकी समोरच्या वाऱ्याची होती, आणि तिचं उत्तर लहान साईजपेक्षा ट्रिमरमध्ये जास्त होतं.

म्हणून मॉडेल तेच घेतलं आणि साईज २४. भार ५ किलोच्या जरा वर येतो, दुपारी खांदे दुखत नाहीत. माहितीपत्रकातली वजनाची मर्यादा वाचताना एक बघायचं असतं. ईएन (युरोपीय मानक) प्रमाणपत्राची मर्यादा वेगळी आणि मोटरसाठी कंपनीने दिलेली वेगळी, दुसरी बऱ्याचदा मोठी असते. शिवाय प्रमाणपत्रातले ए, बी, सी, डी हे वर्ग मोटरशिवाय उडवून ठरवलेले असतात, आणि रिफ्लेक्स विंगचं प्रमाणपत्र अनेकदा ट्रिमर बंद असतानाचंच. वर्ग बी वाचून ट्रिमर उघडल्यावरही विंग बी सारखीच वागेल असं धरून चालता येत नाही.

विंग वापरलेली होती. कापडातून हवा किती झिरपते ती चाचणी चांगली आली, दोऱ्यांची लांबीही मापात होती. पण उडवल्यावर आयडलवरसुद्धा ती डावीकडे सरकत होती, म्हणजे टॉर्कचा प्रश्नच नव्हता. रायझर शेजारी शेजारी टांगून पाहिले तर एका ट्रिमरच्या बकलमध्ये पट्टी झिजून गुळगुळीत झालेली, भार आला की सेंटीमीटरभर घसरत होती. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बदलल्या. मग माझ्या हार्नेसच्या उंचीप्रमाणे ब्रेकच्या दोऱ्या जुळवल्या, हात पूर्ण वर सोडल्यावर मागच्या कडेवर ओढ येणार नाही इतक्या मोकळ्या. आता आयडलवर ती सरळ जाते. पूर्ण थ्रॉटलवर उरलेल्या ओढीसाठी एका बाजूचा ट्रिमर किंचित वेगळा ठेवतो, आणि ती जागा पट्टीवर लाल दोऱ्याच्या टाक्याने खूण करून ठेवली आहे.