"मगे ह्यो परत इलो खयसून?"

मागच्या महिन्यात देवगडला घरी गेलेलो तेव्हा बागेत मोहोरावर फवारणी चालू होती आणि काकी पडवीत बसून सुपारी कातरत होती. कुठून विषय निघाला माहीत नाही पण गाडी कोरोनावर आली. तिला पहिल्यांदा झाला तो मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ आलं त्याच आठवड्यात, लाईट नाही, फोनला रेंज नाही, ऑक्सिजन लावायची वेळ आलेली. मग दोन्ही डोस घेतले आणि जानेवारी २०२२ ला परत पॉझिटिव्ह! तेव्हापासून तिचा राग आहे. "मी दोन दोन सुयो टोचून घेतलंय, मगे ह्यो परत इलो खयसून?"

आता मी मायक्रोबायोलॉजी शिकलेला, म्हणजे घरच्यांच्या मते अर्धा डॉक्टर, त्यामुळे उत्तर देणं आलंच.

लोकांना फक्त स्पाइक, म्हणजे व्हायरसच्या अंगावरचं काट्यासारखं प्रथिन, माहीत असतो, पण मला विचाराल तर खरी बदमाशी आतली प्रथिनं करतात. व्हायरस पेशीत शिरला की पेशी इंटरफेरॉन सोडते, म्हणजे शेजारच्या पेशींना ओरडून सांगते की सावध व्हा. बागेतला गुरखा शिट्टी मारतो ना, तसंच. तर हा चोर आंब्याला हात लावायच्या आधी शिट्टीच बंद करतो. एनएसपी१ नावाचं प्रथिन रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, तोंडात बोळा घातल्यासारखं बसतं, पेशीला स्वतःची प्रथिनं बनवता येत नाहीत, आणि व्हायरसच्या आरएनएच्या, म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुराच्या, टोकाला खास तुकडा असतो म्हणून त्याचं काम मात्र बिनबोभाट चालू. ओआरएफ६ पेशीच्या केंद्रकाचं दार अडवतं, म्हणजे धोक्याचा निरोप आत पोचतच नाही. एनएसपी१६ तर व्हायरसच्या आरएनएवर आपल्यासारखीच खूण करतं की बघणाऱ्याला वाटावं घरचाच आहे. अल्फा व्हेरियंट, म्हणजे व्हायरसचा बदललेला प्रकार, आला त्यात ओआरएफ६ आणि ओआरएफ९बी ही गप्प करणारी प्रथिनं जास्त बनत होती, म्हणजे स्पाइक सोडून इथेपण सुधारणा चालूच होती, पण टीव्हीवर ह्याचं कोणी नाव काढलं नाही.

काकी म्हणाली ता ठीक, पण माझ्या सुयांचा काय झाला?

मग स्पाइकवर आलो. कोविशील्डने शरीराला दाखवलेला तो जुना, सुरुवातीचा स्पाइक. १२७३ अमिनो आम्लांची साखळी, तिचा छोटा भाग आपल्या पेशीवरच्या एसीई२ नावाच्या प्रथिनाला चिकटतो आणि चांगल्या अँटीबॉडीज नेमक्या तिथेच बसतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन सापडला त्याच्या स्पाइकमध्ये ३० च्या वर बदल होते, त्यातले निम्म्याच्या आसपास ह्या चिकटण्याच्या भागात. बऱ्याचशा जुन्या अँटीबॉडीजना पकडायला जागाच राहिली नाही. साखळीतल्या ४८४ नंबरच्या अमिनो आम्लाचंच घ्या, तिथे आधी ऋण भार असलेलं ग्लुटामेट होतं, बीटा व्हेरियंटमध्ये त्याजागी धन भाराचं लायसिन आलं, मग त्या भाराच्या जोरावर चिकटणाऱ्या अँटीबॉडीज घसरल्या. पण वाट्टेल तसं बदलता येत नाही हां, एसीई२ ची पकड सुटली की व्हायरसच संपला.

काका इतका वेळ पंपाचा नोझल साफ करत होते, तिथूनच म्हणाले, "तुडतुड्यांचा पण तसाच." आणि ते एकदम बरोबर! एकच औषध दरवर्षी मारलं की मोहोराचा रस शोषणारे हे किडे, तुडतुडे, काही शहाणे होत नाहीत, चुकून वाचलेले दोनचार असतात त्यांचीच पिल्लावळ पुढच्या मोहोरावर बसते. कोरोनाकडे नकलेतल्या चुका दुरुस्त करणारं एनएसपी१४ पण आहे, तरी कोट्यवधी माणसांत नकला निघाल्यावर चुका उरणारच, आणि निम्मं जग अँटीबॉडी घेऊन बसलेलं असताना त्यातल्या कुठल्या टिकणार हे उघड आहे.

पण काकीला एक गोष्ट आवर्जून सांगितली. दुसऱ्या वेळी तीन दिवस ताप आणि घसा, ऑक्सिजन नाही, ते उगाच नाही. टी पेशी, म्हणजे व्हायरस शिरलेल्या पेशी हुडकणाऱ्या पांढऱ्या पेशी, स्पाइकचे बारीक बारीक तुकडे ओळखतात, त्यातले बरेचसे ओमिक्रॉनमध्येही जसेच्या तसे होते. आत शिरला खरा, पण पेटी भरून नेता आली नाही त्याला.

काकीने थोडा विचार केला. "म्हणजे सुयो फुकट नाय गेले?"

नाय गेले.

"मगे आधी सांगूचा ना," म्हणाली, आणि कुळथाची पिठी टाकायला आत गेली.