‘मूट’ ठरलेला मुद्दा

कायदेविषयक कागदपत्रांचा मराठी अनुवाद करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि ओळखीच्या शब्दासाठी कोश उघडायचा नाही ही माझी जुनी खोड आहे. त्या दिवशी एका अमेरिकी वकिलाच्या पत्रात, जागा रिकामी करून दिली गेल्यामुळे मुदतवाढीचा प्रश्न आता ‘मूट’ आहे, असे वाक्य आले. ‘मुदतवाढीचा प्रश्न आता विवाद्य आहे’ असे लिहून मी पुढच्या पानाकडे वळलो.

दुपारी तपासणीहून कागद परत आले, तेव्हा त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने लिहिले होते, ‘जागाच सोडली, तर वाद कसला?’

प्रश्न बिनतोड होता. मुकाट्याने कोश काढला. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘सभा’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. (आपल्याकडेही माणसांची मोट बांधतात, पण तो निव्वळ योगायोग.) पुढे लंडनमधील कायद्याचे विद्यार्थी सरावासाठी काल्पनिक खटले चालवत, त्यांनाही ‘मूट’ म्हणू लागले, ‘मूट कोर्ट’ त्यातूनच आले. ज्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते तो ‘मूट’, हा ब्रिटनमधला रूढ अर्थ तिथला, आणि माझ्या डोक्यातही तोच बसलेला होता. पण अशा लुटुपुटूच्या खटल्याचा निकाल कोणावरच बंधनकारक नसतो, आणि अमेरिकेत नेमका हाच धागा पुढे गेला: निर्णय काहीही लागला तरी आता फरक पडत नाही, तो मुद्दा ‘मूट’. डीफ्युनिस विरुद्ध ओडेगार्ड या 1974 च्या खटल्यात कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारलेला विद्यार्थी खालच्या न्यायालयाच्या आदेशाने शिकत राहिला, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ऐकले जाईपर्यंत शेवटच्या सत्रात पोहोचला, आणि न्यायालयाने वाद ‘मूट’ ठरवून मूळ प्रश्नावर निर्णयच दिला नाही.

म्हणजे पत्रात ‘हा विषय संपला’ असे म्हटले होते आणि माझ्या मराठीत तो नव्याने सुरू होत होता. ‘निरर्थक’ लिहावे, तर प्रश्न मुळातच पोकळ होता असे वाटते. ‘गैरलागू’ जवळचा, पण मधल्या काळात काही घडले हे त्यातून कळत नाही. अखेर एका शब्दाचा हट्ट सोडून मी लिहिले, ‘मुदतवाढीचा प्रश्न आता उरलेला नाही.’

त्यानंतर जुन्या फायली चाळल्या. हा शब्द आणखी तीन ठिकाणी सापडला; दोन ठिकाणी ‘विवाद्य’ खोडावे लागले, तिसरे पत्र लंडनहून आलेले होते, तिथे ते राहू दिले.